दत्ताबाबांच्या काळुंदरी

दत्ताबाबांची लेक सुलभाबाय म्हणाली, बाबांविषयी तुला आठवतं ते या वहीत लिही. मी चौथीपर्यंतच शिकले. अक्षर वाकडं येतं, ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, ते सांभाळून घ्यावं. चारचौघांत मला बोलता येत नाही. तेराव्याला सगळे त्यांच्या आठवणी सांगत होते तेव्हा मी मागच्या पडवीत भांडी घासत होते. तिथे राहिलं ते इथे लिहिते.

बातमी मला पाव घालणाऱ्या पोदेराने दिली. सकाळी कामाला निघाले तर चढणीवर त्याने सायकल थांबवली. "शेवंताबाय, त्या घरात आज पाव नको म्हणाले," एवढंच बोलला आणि खाली बघत राहिला. मी समजले. आदल्या संध्याकाळीच दत्ताबाब खाटेवरून म्हणाले होते, "उद्या माशांचं गांडूळ बारीक काप गो. त्यांना दात नाहीत, मलाही नाहीत." मी हसले होते. तेच आमचं शेवटचं बोलणं.

बाब मूळचे पाळी गावचे. एका खाणीच्या कचेरीत कारकून होते. निवृत्त झाल्यावर इकडे पेडण्यात, वहिनींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, माहेरच्या जागेत घर बांधून राहिले. मी त्यांच्याकडे सात वर्षं काम करते. बाहेरच्या खोलीत जनेलाखाली, उजेडाच्या खिडकीशी, त्यांची काचेची टाकी होती. लोक बाजारातून लाल, सोनेरी मासे आणतात. बाबांनी शेताकडेच्या व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, जाळ्याने धरलेल्या चार काळुंदरी ठेवल्या होत्या. तळहातापेक्षा लहान, पिवळसर, कुशीवर काळा ठिपका. येणारा प्रत्येकजण विचारायचा, "रवा लावून तळणार कधी?" बाब म्हणायचे, "आधी तुला तळतो." मला मात्र त्यांनी एकदा खरं कारण सांगितलं. लहानपणी पाळीच्या व्हाळात पाय सोडून बसलं की या काळुंदरी पायाला टोचायच्या. पुढे व्हाळात खाणीची लाल माती उतरली आणि मासे दिसेनासे झाले. "आणि मी कचेरीत बसून त्याच मातीचे ट्रक लिहून घेत होतो गो..." म्हणाले.

त्या टाकीवर आधी माझा राग होता. बाजूच्या काचेवर हिरवं शेवाळ, आत एक काळी करवंटी. दीड वर्षापूर्वीची गोष्ट, चवथ दोन दिवसांवर आली होती. त्याच खोलीत गणपती बसणार, वर फळापानांची माटोळी बांधणार, सगळा गाव येणार. बाब आणि वहिनी म्हापशाला बाजाराला गेले होते. मी घर झाडलं, पितळ घासलं, आणि म्हटलं, हेही लख्ख करून टाकू. मासे बाल्दीत काढले. शेवाळ खरवडलं. करवंटीला आतून तपकिरी दाणे चिकटले होते, ते नारळाच्या सोडणाने घासून काढले. टाकीचा बुळबुळीतपणा जाईना म्हणून शेवटी कढत पाणी ओतलं. तळाची काच टर्रकन तडकली.

वहिनी दारातूनच ओरडल्या, "मेले, टाकी म्हणजे भाताचं भांडं काय गो घासायला?" बाबांनी करवंटी उचलून आतून बोट फिरवलं. "इथे अंडी होती," म्हणाले. पहिल्यांदाच घातली होती. दोन दिवस नर-मादी पाळीपाळीने पंखांनी वारा घालत होती, आणि बाब खुर्ची टाकून बघत बसायचे. मी ते बघितलं होतं, पण समजले नव्हते.

मी परत कामाला गेले नाही. तिसऱ्या दिवशी, ऐन चवथीच्या गडबडीत, बाब काठी टेकत माझ्या दारात आले. "मासे अजून बाल्दीत आहेत. मला वाकवत नाही. पाणी कोण बदलणार?" मी दाराआडूनच म्हटलं, टाकीचे पैसे पगारातून कापा. "कापणार नाही. कापले तर तो दंड होतो. तुला द्यायचे असले तर आपल्या हाताने दे." नवी टाकी छत्तीसशेला आली. दर महिन्याला पगार घेतला की त्यातलेच दोनशे मी त्यांच्या हातावर ठेवायची. वहिनी त्यांना टोचायच्या, "घेता कसे हो तिच्याकडून?" ते म्हणायचे, "तिला या घरात मान वर करून वावरायचंय." आणि माझ्याकडे वळून एकच शब्द, "पोचले."

त्यानंतर त्यांनी मला सगळं शिकवलं. माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं, म्हणून द्यायचं ते चिमटीने. दुकानातले दाणे या व्हाळातल्या माशांनी थुंकून टाकले. त्यांना गांडुळाचे तुकडे, डबक्यातल्या अळ्या, मऊ भाताची चार शितं. उरलेलं अन्न नळीने ओढून काढायचं. पाणी कधी सगळं बदलायचं नाही, आणि बाजूची काच घासायची नाही, कारण ते शेवाळ म्हणजे त्यांचं कुळागर, त्यांची बागायत. शाळा सुटल्यापासून मला कोणी काही शिकवलं नव्हतं. काम सांगत होते, शिकवत नव्हते. बाब शिकवायचे, मग मलाच विचारायचे, "काय गो, आज कोण उपाशी दिसतो?" आणि मी सांगेन ते खरं धरायचे. अंड्यांची मात्र ते वाट बघत राहिले. रोज करवंटीत डोकावायचे. ते म्हणायचे, "घालतील गो. तू घाबरू नको, म्हणजे तीही घाबरणार नाहीत."

ते गेले त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. माणसं दाटली होती. मासे कोणाला आठवणार? मी माझ्या घरून पानात शितं बांधून आणली, आणि एवढ्या माणसांतून टाकीकडे निघाले. सगळे बघत होते. कोपऱ्यातून वहिनींचा आवाज आला, "वाट द्या तिला."

तेव्हा तीन महिन्यांचे पैसे राहिले होते. दोनदा मी वहिनींच्या हातात दिले, त्या गप्प राहिल्या. मला वाटलं, शेवटचे परत करतील, आणि तसं झालं तर माझी मान पुन्हा खाली गेली असती.

काल सकाळी दाणापाणी घालायला गेले तर एक काळुंदर करवंटीपासून हलेना. दुसरी आली तेव्हा ती बाजूला झाली. वाकून बघितलं... आतून तपकिरी दाणे. मी वहिनींना हाक मारली. इतक्या मोठ्याने मी त्या घरात कधी बोलले नव्हते. त्या आल्या, बाबांच्या खुर्चीवर बसल्या आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. पगाराचा दिवस होता. मी शेवटचे दोनशे पुढे केले. त्यांनी टाकीवरची नजर काढली नाही. नोट घेतली, कनवटीला लावली आणि म्हणाल्या, "पोचले."