वरचा एक

गाडी सुरू झाली होती. सामान टपावर बांधलेलं, तीन वर्षांची सई माझ्या मांडीवर झोपलेली, नवरा, अमोल, ड्रायव्हरशेजारी बसून पासपोर्ट तिसऱ्यांदा तपासत होता, आणि बाबा गायब! नाशिकहून मुंबईचं विमानतळ गाठायचं म्हणजे कसाऱ्याच्या घाटात एखादा ट्रक आडवा झाला की संपलं. आणि हे गृहस्थ ऐन निघायच्या वेळी कुठे गेले म्हणून मी खिडकीतून आईवर ओरडत होते.

"अगं, येतील ना. पाकीट करताहेत," आई म्हणाली.

पंधरा मिनिटांनी बाबा कोपऱ्यावरच्या वाण्याकडून धापा टाकत आले. खिडकीतून माझ्या हातात पाचशेची नोट घातलेलं पाकीट आणि एक रुपयाचं नाणं कोंबलं. घरात सुटा रुपया सापडला नाही म्हणून भर दुपारी माणूस उन्हात पळत गेला होता.

"बाबा, एका रुपयासाठी विमान चुकवाल माझं!"

"चुकू दे," ते म्हणाले. "शून्यावर पाठवू नये कुणाला. वरचा एक असला की व्यवहार संपत नाही. परत यावं लागतं."

हे दोन हजार आठचं. घाट उतरेपर्यंत मी धुसफुसत होते. त्या नादात नीट निरोप घ्यायचा राहिला, हे विमानात बसल्यावर लक्षात आलं आणि मग पुढचे नऊ तास रडत होते. नोट पहिल्या सुट्टीत खर्च झाली. रुपया मात्र पर्सच्या आतल्या कप्प्यात राहिला.

तुम्ही तिकडे राहिलेले लोक आम्हाला विचारता, "काय मग, सेटल झालात का?" काय सांगू! मी लहान मुलांची डॉक्टर. आयर्लंडच्या सरकारी हॉस्पिटलांत आम्हा बाहेरून आलेल्या डॉक्टरांना सहा महिन्यांची, फार तर वर्षाची कंत्राटं मिळायची. आधी ड्रोहेडा. तिथल्या बेकरीवालीला माझं नाव म्हणता यायला लागलं तोवर पुढचं गाव. मग आणखी एक. चार वर्षांत पाच भाड्याची घरं. खोके कधी फेकलेच नाहीत आम्ही. चपटे करून पलंगाखाली सरकवायचे. नवीन घरात गेलं की मी आधी बघायची ते स्वयंपाकघरातली प्रेस किती आहेत. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. आणि मग त्यातली निम्मी रिकामीच ठेवायची, कारण परत भरायचं कोण? खिळा म्हणून कुठल्या भिंतीला ठोकला नाही. रविवारी सुद्धा पाय ठरायचा नाही माझा, अमोल म्हणायचा, "बस गं जरा, बस चुकल्यासारखी काय फिरतेस?"

दोन हजार बारा साली लेटरकेनीच्या हॉस्पिटलात एकदाची कायमची नोकरी लागली. त्या संध्याकाळी मी पेढ्यांऐवजी दुकानातला केक आणला, तर सात वर्षांची सई काटा हातात धरून म्हणाली, "आर वी मूव्हिंग अगेन, मम्मी?" तिच्यासाठी केक म्हणजे निरोपसमारंभ.

अमोलची तऱ्हा वेगळी. पुण्यातली इंजिनिअरची चांगली नोकरी सोडून तो माझ्यामागे आला होता आणि गाव बदललं की त्याचं काम सुटायचं. त्याच सुमाराला पुण्याच्या जुन्या कंपनीने त्याला परत बोलावलं. तो चिडला नाही, आवाज चढवला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाला, "जुलैअखेर कळवतो म्हणून सांगितलंय. तोवर इथे स्वतःचं घर झालं तर राहू. नाही झालं तर परत. पण हे असं ना इथे ना तिथे, हे आता बास." मी हो म्हटलं. मे महिना चालू होता.

घरांचे भाव तेव्हा इतके कोसळले होते की आमच्यासारख्यांनाही बघायची हिंमत झाली. गावाबाहेर चार मैलांवर एक बैठं घर मिळालं. मागे उतार, उतारावर शेजाऱ्याच्या मेंढ्या. मालक ह्यूई, सत्तरीचा, बायको गेल्यामुळे बहिणीकडे राहायला निघालेला. त्याला आम्ही भेटलोच नाही. इथे सगळं मध्यस्थामार्फत चालतं. आमचा मध्यस्थ होता डेक्लन. कशालाही "ग्रँड" म्हणायचा. छत गळलं तरी ग्रँड. एक लाख चाळीस हजार युरोवर बोलणी ठरली, बुकिंगचे पैसे भरले, आणि मी सईला तिची खोली सुद्धा दाखवली. तीच चूक.

कारण मग घराची तपासणी करणारा आला. त्याचा अहवाल आला वीस पानी. चिमणीपाशी ओल, आणि मागची मैल्याची टाकी फुटलेली. गावाबाहेरच्या घरांना ड्रेनेज नसतं, ही टाकीच सगळं. नेमकी त्याच सुमाराला सरकारने असल्या टाक्या तपासायची टूम काढलेली. घरासाठी कर्ज बँक देते हो, पण वरचा खर्च कोण देतो? स्टँप ड्यूटी आपली, वकिलाची फी आपली, बँकेने पाठवलेल्या माणसाची फी, तीही आपलीच! शिल्लक होती ती तिथेच संपत होती. टाकी कशाने बांधणार?

अमोलने इंटरनेटवर शोधून काढलं की अमेरिकेत विकणारा आपल्या खिशातून घेणाऱ्याचा हा वरखर्च उचलतो. झालं, मी डेक्लनला फोन लावला. तो हसला. म्हणाला, इथे तसलं काही नसतं, किंमत ती किंमत. फार तर कमी करायला सांगू. मी दहा हजार कमी मागितले. दोन दिवसांनी निरोप आला: ह्यूई पाच हजार सोडायला तयार आहे, एक लाख पस्तीस, शेवटचं.

आता मी नाशिकची. शेवटचं म्हणजे शेवटून दुसरं, हे मला आईने भाजीबाजारात शिकवलंय. मी ठरवलं, तीसवरच अडून राहायचं. रविवारी नाशिकला फोन केला तर बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आकडा काय लिहिणार?"

"एक लाख तीस हजार."

"शून्यावर? घराचा आकडा शून्यावर? मधू, अगं वरचा एक लिही!"

लिहिला. एक लाख तीस हजार एक. पत्र पाठवताना कधी नव्हे ते छान वाटलं. घरातला शिरा सुद्धा जमला त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात असताना डेक्लनचा फोन. या वेळी ग्रँड नाही. "त्याने घर विक्रीतून काढलंय. ही इज रेजिंग, भयंकर भडकलाय. तो पाच हजार खाली आला, आणि तुम्ही एक युरो वर आलात! एक! तो म्हणतो, माझी थट्टा करणाऱ्यांना मी घर देत नाही."

इतकं कसं सुचलं नाही मला? आपल्याकडे ज्या एका रुपयावाचून आहेर पुरा होत नाही, तो एक इथे तोंडावर फेकल्यासारखा झाला होता. डेक्लनला समजावायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "आय नो, आय नो," म्हणजे काही कळलं नव्हतं. जुलै उजाडला होता. घरी जाऊन अमोलला सांगितलं, तर तो उठून पलंगाखालचे खोके बाहेर काढायला लागला. मी किंचाळले त्याच्यावर. खोक्यावर लाथ सुद्धा मारली. सई दारात उभी राहून बघत होती, याची मला आजही लाज वाटते.

शनिवारी कुणालाही न सांगता मी गाडी काढली. मालकाच्या दारात आपण होऊन जायचं नसतं इथे. पण म्हटलं, गेलं खड्ड्यात. दार ह्यूईनेच उघडलं. मी कोण हे कळल्यावर आत ये म्हणाला नाही. पाऊस होता. चौकटीत तो, पायरीवर मी. नुसती माफी मागायची असं ठरवून गेले होते, पण माझा स्वभाव! म्हटलं, "तुमची थट्टा करायची असती तर घरबसल्या केली असती. इथे भिजायला आले नसते." मग पर्समधून तो रुपया काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. सांगितलं की माझ्या वडिलांनी हा दिलाय. आमच्यात शून्यावर काही देत नाहीत, लग्नात नाही, बारशाला नाही. वरचा एक म्हणजे तुमचं आमचं नातं पुढे चालू राहो. तुमच्या घराला मी शून्य कशी देणार होते?

त्याने चष्मा कपाळावर सरकवून नाण्यावरचे सिंह न्याहाळले. खूप वेळ. म्हणाला, "आमच्यात उलटं असायचं. परत देणारा विकणारा." त्याचे वडील जनावरांच्या बाजारात गाय विकली की मिळालेल्या पैशातलं थोडं घेणाऱ्याच्या हातावर परत ठेवायचे. त्याला लक पेनी म्हणतात. नाही दिली तर जनावर नव्या गोठ्यात टिकत नाही. "आता कोणी देत नाही," तो म्हणाला. "आता वकील असतात." मग दार पूर्ण उघडून म्हणाला, "भिजू नकोस. चहा घे."

चहा होता काळाकुट्ट. त्याने बायकोचं नाव सांगितलं, तिने लावलेली झुडपं दाखवली, आणि कप ठेवता ठेवता व्यवहार केला. किंमत एक लाख पस्तीस हजार, त्यात बदल नाही. टाकी तो स्वतः बांधून देणार. पुतण्याकडे खोदायचं यंत्र होतं. "आणि एक," तो म्हणाला. "तो एक मला पाहिजे." मी मान डोलवली. टेबलावरचा रुपया त्याने उचलून वरच्या खिशात टाकला. मला म्हणायचं होतं, अहो, तो नुसता दाखवायला आणला होता, कागदावर एक युरो लिहू ना! पण कसं म्हणणार?

अमोलने पुण्याला नकार कळवला. कागदावरही एक लाख पस्तीस हजार एक लिहिलं. वकीलबाईंनी दोनदा फोन करून विचारलं, हा शेवटचा एक चुकून पडलाय का? म्हटलं, नाही, तोच महत्त्वाचा आहे.

किल्ल्या डेक्लनने दिल्या त्या दिवशी ह्यूई दारात हजर होता. बाजारातल्या जुन्या रीतीने स्वतःच्या तळव्यावर चक्क थुंकला आणि सौदा पक्का करायला हात पुढे केला. मी डॉक्टर, दिवसभर लोकांना हात धुवायला सांगत फिरते! केला हात पुढे. त्याने शंभराची नोट हातात दाबली, लक पेनी. मी नोटेकडे बघत राहिले. "काय झालं?" त्याने विचारलं. म्हटलं, "वरचा एक द्या." तो इतका हसला की डेक्लन गाडीतून उतरून बघायला आला. कोटाचे सगळे खिसे उलटे करून त्याने एक युरोचं नाणं शोधलं. माझा रुपया काही त्यातून बाहेर निघाला नाही.

संध्याकाळी बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते खूश. मग म्हणाले, "आणि आपला रुपया? आहे ना जपून?"

खोटं बोलता आलं असतं. "बाबा, तो या घरात गेला."

ते म्हणाले, "असू दे. कामी आला ना." त्याआधी चार वर्षं दर रविवारी ते फोन ठेवताना विचारायचे, "परत कधी?" त्या दिवशी विचारलं नाही. पुढेही कधी विचारलं नाही.

खोके मी जाळले. भिंतीत सतरा खिळे ठोकले, मोजून. सगळी प्रेस भरली. आता तरी पाय ठरेल असं वाटलं होतं. पण संध्याकाळी उतारावरच्या मेंढ्या बघत उभी राहिले की अजूनही वाटतं, काहीतरी विसरून आलोय कुठेतरी. जे माझ्यासारखे निघून गेले त्यांना हे सांगायला नको. घर मिळालं, आणि मिळालं म्हणूनच दुसरं सुटल्याचं पहिल्यांदा कळलं.

पुढच्या वर्षी सुट्टीत नाशिकला गेलो. तीन आठवडे भुर्रकन गेले. निघायच्या दुपारी गाडी सुरू झाली, सामान बांधलं, सई मागे बसून कानात काहीतरी घालून ऐकत होती. बाबा फाटकाशी उभे होते, हात मागे बांधून. पाकीट नाही, धावपळ नाही. "सांभाळून जा. घरी पोचलात की कळवा," म्हणाले. घरी! त्यांच्या तोंडून लेटरकेनीला घर म्हटलेलं मी प्रथमच ऐकलं.

"थांबवा हो गाडी," मी ड्रायव्हरला म्हटलं. पर्समध्ये बघते तर युरोच युरो, रुपया एक नाही. उतरले आणि उन्हातून पळत सुटले. मागून अमोल ओरडत होता. वाण्याने विचारलं, "काय देऊ, ताई?" म्हटलं, "एक रुपया, सुटा."

धापा टाकत परत आले आणि बाबांच्या मुठीत तो कोंबला. त्यांनी मूठ उघडून बघितलं, परत मिटली. डोळे भरले होते, पण बोलले ते नेहमीच्याच करड्या आवाजात.

"मधू, विमान चुकेल तुझं."

"चुकू दे," मी म्हटलं.