बुटक्याचं खरं नाव

बुटक्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या स्टेशनवर. डब्यातून वाकून उतरला आणि उतरल्यावरही वाकलेलाच राहिला, कारण फलाटाचं छप्पर आमच्या मापानं बांधलेलं. साडेसहा फूट उंची, हातात पुठ्ठ्याची पेटी, इंग्रजीचा गंध नाही. लाटवियातून पळालेला, जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावण्यांत पाच वर्षं काढलेला पोरगा. ऑस्ट्रेलियाच्या सरकारनं त्याला रुळांच्या कामावर धाडलं होतं. टोळीच्या मुकादमानं मान वर करकरून त्याला न्याहाळलं आणि म्हणाला, "चल रे बुटक्या." झालं, बारसं आटोपलं.

आमच्या विराबिनमध्ये हे असंच चालतं. टकल्याला कुरळ्या म्हणायचं, लालभडक केसांच्याला निळ्या म्हणायचं, आणि ज्याच्यावर जीव असेल त्याचा येताजाता उद्धार करायचा. नीट आडनावानं हाक मारतात ती फक्त बँकेच्या मॅनेजरला आणि पाद्र्याला. दोघंही आज ना उद्या बदलून जाणार असतात.

पुढं तो गव्हाच्या सरकारी कोठारावर लागला आणि तिथंच निवृत्त झाला. माझी शाळेतली मैत्रीण थेल्मा त्याच्या प्रेमात पडली. लग्नात ती शिडीवर उभी राहिली, फोटोपुरती, आणि सगळं गाव पोट धरून हसलं. त्यांना मूल झालं नाही. थेल्मा गेली तेव्हा शेवटपर्यंत शुद्धीत होती. मी शेजारीच होते. "बुटक्या, पाय आत घे, पलंगाबाहेर येतायत," असं काहीतरी ती त्याला म्हणाली आणि मग झोपली ती झोपलीच.

त्यानंतर तो रोज संध्याकाळी मेर्वच्या पबमध्ये जाऊन बसायचा. भिंतीकडचं शेवटचं स्टूल. एक बिअर तो रात्रीच्या जेवणापर्यंत पुरवायचा. "बुटक्या लेका, सरक, उजेड अडवतोस." "बुटक्या, वर हवा कशी आहे रे?" तेच ते विनोद, चाळीस वर्षांचे शिळे. तो मान हलवायचा, खुदकन हसायचा, घरी जायचा. दिवसभरात त्याच्याशी कुणी बोललं तर एवढंच. त्याला तेवढं पुरत होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटायचं, बिचारा.

मग अठ्ठ्याऐंशी साल उजाडलं. गोऱ्यांची पहिली जहाजं येऊन दोनशे वर्षं झाली म्हणून देशभर झेंडे आणि केक. त्याआधी हजारो वर्षं जे इथं नांदत होते त्यांना केक हवाय का, हे कुणी विचारलं नाही, पण तो माझा आणि पॅस्कोचा वेगळा वाद आहे. क्लाइव्ह पॅस्को आमच्या तालुका मंडळाचा अध्यक्ष. मी गावच्या रेडिओवर दर मंगळवारी बोलायचे. दमडी मिळत नव्हती, पण माइक माझा होता. पॅस्को म्हणाला, "ग्लेनिस, प्रेरणा देणाऱ्या ऑस्ट्रेलियन माणसांशी गप्पा मार. आपण कोण आहोत ते लोकांना कळू दे."

"बुटक्याला बोलावते," मी म्हणाले.

"बुटक्या? त्यानं काय केलंय?"

"तुझा गहू आयुष्यभर कोरडा ठेवलाय. तू काय केलंयस?"

पॅस्कोनं यादीत नाव लिहून घेतलं. माझ्याशी शहाणी माणसं वाद घालत नाहीत.

बुटक्या इस्त्रीचा शर्ट घालून आला. रेडिओवर शर्ट दिसत नाही, असं मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, "मला दिसतोय ना." मी विचारलं, तू स्वतःला ऑस्ट्रेलियन समजतोस का? तो हसला. "ते मेर्वला विचार. मी कोण आहे ते तो रोज सांगत असतो."

मग सहज, नोंद असावी म्हणून मी त्याचं खरं नाव विचारलं. त्यानं शर्टाची कॉलर सारखी केली. मग हळूच म्हणाला, "विस्वाल्डिस. विस्वाल्डिस क्रूमिन्श."

"या नावानं शेवटची हाक कुणी मारली?"

"आईनं. बंदरावर. बोट सुटत होती, ती खाली उभी होती. चव्वेचाळीस साली."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. कुणी विचारलं, त्यानं सांगितलं. पण गावात त्या दिवशी ज्यानं त्यानं रेडिओ लावला होता, आणि गाव हादरलं. खाटीक दुकानात रडला म्हणे. सव्वीस जानेवारीला, म्हणजे ती जहाजं आली त्या तारखेला, आमच्या अंगाची लाही करणाऱ्या उन्हाळ्यात, सभागृहात पॅस्को उभा राहिला आणि म्हणाला, "चाळीस वर्षं आपण या माणसाचं नाव हिरावून घेतलं. आजपासून हे थांबलं पाहिजे." सगळे उठून टाळ्या वाजवू लागले. मीही वाजवल्या, डोळे पुसत. बुटक्या मधोमध उभा होता, हातात खोबऱ्याच्या केकचा तुकडा घेऊन. तो कुठं ठेवावा ते त्याला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो पबमध्ये गेला. मेर्वनं फडकं खांद्यावर टाकलं, घसा साफ केला आणि म्हणाला, "या, बसा मिस्टर क्रूमिन्श."

अरेचं अहो झालं. एका रात्रीत.

लोक वाईट नव्हते, उलट जीव तोडून चांगलं वागत होते. मेर्वनं गल्ल्याशेजारी पाटी लावली, नावाचे तुकडे पाडून, वाचायला सोपे जावेत म्हणून. पण जीभ वळायची नाही. नाव चुकीचं उच्चारून त्याचं मन दुखवण्यापेक्षा नुसती मान लववलेली बरी, असं एकेकानं ठरवलं. तो आत आला की गप्पा थांबायच्या. कुणी तोंडातला विनोद गिळायचं. लोक उठून त्याला जागा द्यायचे, थडग्यापाशी देतात तशी. त्याची बिअर आता लवकर संपायची.

त्यानं प्रयत्न केला, मी पाहिलाय. एकदा मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "मेर्व, क्रूमिन्शचा आमच्या भाषेत अर्थ काय माहितेय? लहानसं झुडूप. म्हणजे मी मुळातच बुटक्या. चाळीस वर्षं तुम्ही बरोबरच हाक मारत होतात." पूर्वी असतं तर लोकांनी पब डोक्यावर घेतला असता. कुणी त्या झुडपापाशी कुत्रा आणून त्याला तंगडी वर करायला लावली असती. मेर्वनं गंभीरपणे मान हलवली. "सुंदर," म्हणाला, "फार सुंदर अर्थ आहे."

त्या दिवशी तो माझ्याकडं आला. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला, गुडघे टेबलाला टेकवून.

"ग्लेनिस, मला काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"काहीही. पूर्वी बोलायचीस तसं."

मला कळलं. मी म्हणाले, "मेल्या बुटक्या, माझं टेबल उलथवशील." शब्द तेच. पण शाळेच्या नाटकातली पाठ केलेली वाक्यं असतात ना, तसे ते माझ्या तोंडातून निघाले. त्यानं टेबलापासून गुडघे बाजूला घेतले. "असू दे," म्हणाला. मला चिडवा म्हणून कुणाला सांगता येत नाही हो. सांगितलं की ते मेलंच.

मी पॅस्कोला झापलं, मेर्वला झापलं. मेर्वच्या डोळ्यांत पाणी आलं. "पण ग्लेनिस, त्याच्या आईचा विचार कर," तो म्हणाला. आता त्या बाईपुढं मी काय बोलणार?

मे महिन्यात बुटक्या मेलबर्नला गेला. तिथं लाटवियन म्हाताऱ्यांसाठी त्यांच्याच लोकांनी चालवलेलं घर आहे. इथलं घर बंद केलं, विकायचं की नाही ते नंतर बघू म्हणाला. मी रोज त्या रस्त्यानं जायचे आणि त्या खिडक्यांकडं बघायचं टाळायचे. थेल्मा गेली तेव्हाही गाव मला एवढं रिकामं वाटलं नव्हतं. माझं म्हणावं असं आता उरलं होतं कोण?

सप्टेंबरात, आमच्याकडचा वसंत लागला तेव्हा, मी गाडी काढली आणि त्याला आणायला गेले.

तो जेवणघरात होता. चेहरा भरला होता. आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून एक वाळकी म्हातारी त्यांच्या भाषेत काहीतरी खेकसली आणि सगळे खिदळले. बुटक्याचे कान लाल झाले.

"काय म्हणाली?"

"ती आउस्मा. मला कांगारू म्हणते. माझी भाषा गंजलीय ना, मी बोललो की यांची करमणूक. म्हणते, कांगारूला बोलायला कुणी शिकवलं?" तो तिला काहीतरी उलट बोलला. ती आणखी जोरात खेकसली. त्याला काय आनंद झाला होता.

मी सांगितलं, चल घरी. सगळे वाट बघतायत. मेर्वनं तुझ्या स्टुलावर कुणाला बसू दिलेलं नाही.

त्यानं कप खाली ठेवला. त्याला यायचं होतं, मला ते दिसत होतं. त्यानं खिडकीतून माझी गाडी कुठं उभी आहे ते बघितलं.

"मला काय म्हणतात आता?" त्यानं विचारलं.

खोटं बोलायला हवं होतं. पण लोकांनी सात-आठ महिने घासून घासून तयारी केली होती, शाळेतल्या पोरांपासून सगळ्यांनी, आणि मला त्यांचा अभिमान वाटत होता.

"विस्वाल्डिस," मी म्हणाले. "आता कुणी अडखळत नाही."

"मेर्वसुद्धा?"

"मेर्वसुद्धा. तुझ्या आईसारखं म्हणतो."

त्यानं खिडकीकडं पाठ केली आणि किटली उचलली.

"मग घर विकून टाक, ग्लेनिस," तो म्हणाला, आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.