साक्षगंधाच्या दिवशी कोर्टात

माझ्या सासूबाई, कौसल्याबाई, वर्तमानपत्र उभ्यानेच वाचत, आणि तेही मोठ्याने. भाताचं आधण ठेवायचं, ओट्याला टेकायचं आणि थेट आतल्या पानावरच्या कोर्टाच्या बातमीपासून सुरुवात करायची. ऐकणारं कुणी आहे की नाही, याची त्यांना पर्वा नसे. चहा होईपर्यंत त्यांचा निकालही लागलेला असे. ‘खोटं बोलून राह्यला हा,’ असं म्हणून त्या पेपराची घडी फ्रिजवर टाकत.

सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून त्यांची सारी नोकरी सावली तालुक्यात गेली. आम्ही त्यांना आई म्हणत असू, गावोगावचे लोक सिस्टरबाई म्हणत. मी नागपूरची, इथल्या शाळेत शिक्षिका. लग्न होऊन आले तेव्हा त्यांचं ते बोलणं मला भांडणासारखं वाटायचं. ‘घाबरू नोको, मी अशीच बोलतो,’ त्या म्हणाल्या होत्या. ‘राग आला का मी गप बसतो. तवा घाबरजो.’

त्या वर्षी चंद्रपूरच्या कोर्टात अर्चनाचा खटला चालू होता. आमच्याच तालुक्यातली, चंद्रपूरला खोली घेऊन शिकणारी मुलगी. तिचा खून झाला होता आणि आरोपी एका बड्या ठेकेदाराचा मुलगा होता. टीव्हीवाल्यांच्या गाड्या कोर्टासमोर उभ्या राहत. आमच्या घरी नणंदेचं, सपनाचं लग्न ठरत होतं, आणि साड्यांच्या गोष्टींत मध्येच खटला यायचा. एकेक साक्षीदार उलटत चालला होता. पानठेलेवाल्याने काही पाहिलंच नव्हतं. गाडी ओळखणाऱ्याला गाडी ओळखता येईना. ‘साऱ्यायले एकाच हप्त्यात मोतीबिंदू झाला काय?’ आई लाखोळीची डाळ घोटता घोटता म्हणाल्या. डाळ खाली लागली, ती आम्ही तशीच खाल्ली.

मग एका सकाळी त्यांनी बातमी वाचली आणि गप बसल्या. अर्चनाची खोलीतली मैत्रीण, पल्लवी, समन्स मिळूनही साक्षीला आली नव्हती. अर्चनाला त्या संध्याकाळी आरोपीच्या गाडीत बसताना तिनेच पाहिलं होतं. आता तिचं लग्न झालं होतं, आणि सासर आमच्यापासून जवळच्याच गावात होतं. पुढची तारीख नेमकी सपनाच्या साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, निघाली.

‘गाडी काढ,’ त्या मला म्हणाल्या.

पल्लवीच्या सासूने, इंदिराबाईंनी, आम्हाला पाहताच ओळखलं. त्यांचा मुलगा आईंच्याच हातावर जन्मला होता. त्यांनी चटई टाकली, पण आम्ही कशाला आलो ते कळताच चेहरा आखडला. पल्लवी दाराच्या आड तान्ह्या बाळाला घेऊन उभी होती.

‘माणसं येऊन गेली दोनदा,’ इंदिराबाई म्हणाल्या. ‘हात जोडूनच बोलले. लेकराले सांभाळा म्हणे. मी काय समजत नाई काय, सिस्टरबाई? तुमच्या घरची पोरगी असती तं पाठवली असती?’

‘त्याच दिवशी माह्या पोरीचं साक्षगंध हाये,’ आई म्हणाल्या. ‘ते सोडून हिच्यासंगं बसीन. हिले एकटीले पाठवा असं सांगाले नाई आली मी.’

इंदिराबाई उठून आत गेल्या. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मला वाटलं, संपलं. पल्लवी रडत नव्हती, नुसती सासूच्या पाठीकडे बघत होती. इंदिराबाई परत आल्या, त्यांनी तिच्या हातातलं बाळ घेतलं आणि म्हणाल्या, ‘हे माह्यापाशी राहीन. पन मी घरी नाई थांबत. कोर्टाच्या दारात बसीन.’

साक्षगंधाच्या दिवशी त्या तिघी आणि ते बाळ पहाटेच्या बसने चंद्रपूरला गेल्या. इकडे बुद्धविहाराच्या हॉलमध्ये मुलाकडचे, भद्रावतीचे पाहुणे वेळेवर हजर झाले. मुलाचे वडील घड्याळ बघत होते. ‘मुलीची आईच नाही, हे कसं?’ त्यांनी माझ्या नवऱ्याला, प्रफुल्लला, विचारलं. प्रफुल्लने खरं ते सांगितलं. त्यांच्याकडच्या बायकांत कुजबुज सुरू झाली. सपना नटून कोपऱ्यात बसली होती. ‘आई आल्याबिगर मी उठणार नाही,’ ती म्हणाली. जेवणं आधी वाढली. मठ्ठा संपला. आईंचा फोन बंद होता.

उन्हं कलली तेव्हा ऑटो थांबला. आईंची साडी चुरगळलेली, तोंडावर धूळ. मागून पल्लवी आणि बाळाला खांद्यावर टाकलेल्या इंदिराबाई. सगळा हॉल उठून उभा राहिला. आई काही सांगायच्या आधी इंदिराबाईच बोलू लागल्या.

‘दारातून साराच आयकलो मी! वकिलानं इचारलं, एवढे दिवस काऊन नाई आली? पल्लवी म्हने, भेत होती. तं आता भेव गेला काय? हे म्हने, नाई गेला. पन आली.’ त्यांचा आवाज फाटला. ‘आन मंग त्या पोट्ट्याकडे बोट करून सांगतलं, सबन सांगतलं! माही सून हाये हे!’

पल्लवी मान खाली घालून उभी होती. मुलाच्या आईने पुढे होऊन तिचा हात धरला आणि तिला स्वतःच्या शेजारी बसवलं. मुलाच्या वडिलांनी घड्याळ बाहीखाली सरकवलं. ‘बोलवा मुलीला,’ ते म्हणाले, ‘अशा घरची सून आम्हाला कधी मिळणार?’ त्रिसरण म्हणताना आईंचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

धान कापणीला आलं तेव्हा निकाल लागला. जन्मठेप. टीव्हीवर अर्चनाची आई पल्लवीच्या गळ्यात पडलेली दिसली. आईंनी पदराने डोळे पुसले, टीव्ही बंद केला आणि साऱ्या गल्लीला चहाला बोलावलं. साखर कमी पडली, ती शेजारून मागवली.

गेल्या हिवाळ्यात आई झोपेतच गेल्या. त्यांच्यामागे पेपर मी वाचू लागले, आणि तसंच मोठ्याने. परवा त्यात सावलीच्या एका मुलीच्या खटल्याची तारीख होती. तिचे आईवडील तेलंगणात मजुरीला गेलेले. मी शाळेत रजा टाकली आणि स्टँडवर गेले. चंद्रपूरची बस लागलेलीच होती. खिडकीतून इंदिराबाई हात हलवत ओरडल्या, ‘लवकर चढा, मॅडम! तुमचा फोन आला तशीच निघालो मी, जागा धरून ठेवली हाये. पोरगी तिथं एकटी बसून राह्यली असन.’