बधिर पायांना शेक

पोती उचलून उचलून मला हर्निया झाला, तेव्हा मी वाशीच्या मार्केटात कांदा-बटाट्याच्या टोळीत होतो. पाठीवर पोतं घ्यायचं आणि पळायचं, हाच आमचा धंदा. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू. माझी तर तंतरली. पोटाचं काही नव्हतं हो, पोट फाडा नाहीतर शिवा! पण भूल कमरेत देणार, कमरेखाली सगळं बधिर होणार, हे ऐकलं आणि पायांचा घोर लागला. पाय गेले तर टोळीतून नाव कट, आणि बायकापोरं घेऊन साताऱ्याला परत. तिथं कुणी जेवण वाढून ठेवलंय?

आदल्या दिवशी भुलीच्या डॉक्टर मॅडम तपासायला आल्या. बारकीशी बाई, माझ्या धाकट्या बहिणीएवढी. "तोंड उघडा. अजून. दात हलतात का? दमा आहे? तंबाखू?"

"न्हाई वं, तसलं काय बी न्हाई," आई मधेच बोलली. मॅडमनी माझ्या दातांकडे बघितलं आणि गालात हसल्या. उद्या सकाळपासून पाण्याचा थेंब नाही आणि ते 'तसलं काय बी' पण नाही, म्हणाल्या. मी विचारलं, "मॅडम, पाय परत येतील ना?"

"येणार. दुपार कलली की येतील. घाबरू नका."

घाबरू नका म्हणायला काय जातं!

दुसऱ्या दिवशी टेबलावर बसवून मला पुढे वाकवलं. पाठीत मुंगी चावल्यासारखं झालं. पाय आधी कोमट झाले, मग जड झाले, मग नाहीसेच झाले. बोटाला चिमटा, दंडाला आपोआप फुगणारा पट्टा, डोक्यामागं मशीनची टिकटिक. मॅडम कानाशी विचारत होत्या, "श्वास बरा आहे ना? मळमळतंय का?" मी मान हलवायचो, आणि मनात पायाच्या अंगठ्याला सांगायचो, हल की लेका. मग शिव्या घातल्या. मार्केटातल्या सगळ्या शिव्या संपल्या, तरी हलला नाही. इतका लाचार मी जन्मात झालो नव्हतो.

बाहेर आणून खाटेवर टाकलं. उशी नाही, मान उचलायची नाही, नाहीतर डोकं धरेल, अशी ताकीद. त्यामुळं मला दिसत होता तो फक्त पंखा. सिस्टर येऊन दंडाचा पट्टा फुगवायची, पायाची बोटं हलवा म्हणायची, आणि हलत नाहीत बघून शांतपणे निघून जायची.

आई पायथ्याला बसली होती. "आरं, पाय मेल्यावानी पडल्यात की," ती हळूच म्हणाली. आमच्या गावाकडं हातपाय बधिरले की शेक द्यायचा, डॉक्टर मागनं. ती उठली. सलाईनची एक रिकामी काचेची बाटली तिनं कुठून तरी पैदा केली होती, ती खालच्या चहावाल्याकडून उकळत्या पाण्यानं भरून आणली, फडक्यात गुंडाळली आणि माझ्या टाचांना लावली.

"काय करतीस गं?"

"शेकतीया. रगत हालाय पायजे. बरं वाटतंय का?"

मला काय वाटणार, कपाळ! पण तिचा आवाज कापत होता. "वाटतंय," म्हटलं. खरं सांगू? चला, पायांसाठी कुणीतरी काहीतरी करतंय, एवढ्यानंही मला धीर आला.

मग सिस्टर आली, चादर वर केली आणि "अगं बाई!" म्हणून पळत सुटली. मॅडम धावत आल्या. मला पाय दिसत नव्हते, त्यांचे चेहरे दिसत होते. "गेले का पाय? मॅडम, सांगा ना, गेले का?" मॅडम फक्त "गार पाणी आणा" म्हणाल्या. तेवढ्यात टाचेत आग उठली. अशी आग, की मी बोंबललो.

आईनं हात जोडले. "आलं! पाय आलं रं माझ्या लेकाचं!" मी कळवळतोय आणि ही आनंदानं रडतेय.

मग तिचं लक्ष टाचांकडं गेलं. लिंबाएवढे फोड. तिचा चेहराच उतरला. ती गर्रकन मॅडमकडं वळली. "काय केलंसा हे? सुईनं भाजलं माझं प्वार! कसली विखारी भूल घातली गं बाई?"

"आजी, अहो तुम्हीच ती बाटली..." सिस्टर बोलायला गेली. मॅडमनी तिचा हात दाबला आणि माझ्याकडं बघितलं. मला उठता येत नव्हतं, आईला जवळ घेता येत नव्हतं, आणि तिच्या तोंडावर खरं बोलायला जीभ रेटत नव्हती. मी फक्त डोळ्यांनीच नको म्हटलं.

"हो आजी," मॅडम म्हणाल्या. "चुकलं आमचं."

"चुकलं म्हणं! तुझ्या पोराला असं भाजलं म्हंजी कळंल!"

मॅडम खाटेवर पायथ्याशी बसल्या. माझी टाच मांडीवर घेऊन मलम लावत राहिल्या, आणि आई त्यांच्या डोक्याशी उभी राहून त्यांना शिव्याशाप देत राहिली.