आंघोळीच्या पाण्याइतकं गरम

गाडी गल्लीत येऊन थांबली की काका मालकाकडे बघायचेच नाहीत. आधी बॉनेटवर उलटा हात ठेवायचे, आई पोराच्या कपाळावर ठेवते तसा. मालक बिचारा "काका, गाडी जरा..." असं काही सुरू करायचा. त्याला गप्प करायचं वाक्य ठरलेलं होतं.

"थांबा. आधी ताप बघू, मग तक्रार ऐकू."

ठाण्याच्या नौपाड्यात एका दवाखान्याला लागून त्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. ताप दोन्हीकडे बघायचे. डॉक्टरांकडे नंबर लावून तासभर बसावं लागायचं, काकांकडे अपमान ताबडतोब व्हायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याकडे पुन्हा जायचं नाही असं आपण दर वेळी ठरवतो आणि पुढच्या महिन्यात दारात उभे असतो.

तापमान मोजायची त्यांची स्वतःची पट्टी होती. सगळ्यांत खाली खाडीचं पाणी, मग आंघोळीचं पाणी, मग चहाचा ग्लास आणि सगळ्यांत वर तवा. ते मूळचे कोळीवाड्यातले. "माझी आय टोपलीत हात घालून सांगायची, मासा आजचा की कालचा. मी पाइपाला हात लावून सांगतो. धंदा तोच, वास वेगळा," असं ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवायचे. जुन्यांनाही ऐकवायचे, कारण आपण कोणाला काय ऐकवलंय हे त्यांच्या लक्षात राहत नसे. चष्मा कायम कपाळावर. जवळचं काही दिसायचं नाही, स्क्रूची खाचसुद्धा बोटाने शोधायचे. लांबचं मात्र लख्ख. गल्लीच्या तोंडाशी वळणाऱ्या बसचा नंबर दुकानात बसून सांगायचे, कोणी विचारलेलं नसताना.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती माझ्या मूर्खपणामुळे. मी डोंबिवलीच्या एका केमिकल कारखान्यात इंजिनीअर. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. परदेशी निघालेल्या एका गृहस्थांकडून मी एक जुनी जपानी गाडी घेतली होती, टर्बोवाली. त्यांनी आधीच तिच्यात थोडी कारागिरी करून ठेवली होती. टर्बोचा दाब किंचित वाढवलेला, सायलेन्सर जाडा. अशा गाडीची डोंबिवलीत जितकी गरज, तितकीच माझ्या घरात हत्तीची. बायकोने हे वाक्य गाडी आली त्याच दिवशी म्हटलं होतं, त्यामुळे श्रेय तिचं.

तर गाडी घाटात दमायची. सुरुवातीला सुसाट, आणि अर्धा घाट चढली की मागे रिक्षा बांधल्यासारखी वाटायची. कारण मला कागदावर समजलं होतं. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो, दाबली की हवा तापते, तापली की विरळ होते आणि जोर जातो. म्हणून मधे एक जाळी बसवलेली असते, इंटरकूलर. हवेचा रेडिएटरच म्हणा. गाडीतला मूळचा इंटरकूलर वाढलेल्या दाबाला पुरत नव्हता, मोठा हवा होता. प्रश्न एवढाच की किती मोठा. कारखान्यात दिवसभर असल्याच यंत्रांशी माझा संबंध, त्यामुळे मी तो प्रश्न पाच मिनिटांत सोडवला. विठ्ठलवाडीच्या भंगारातून एका ट्रकचा इंटरकूलर उचलला आणि टपावर बांधून नौपाड्यात आणला.

काकांनी तो लांबून नीट बघितला. "खिडकी छान आहे. पडदे कधी लावताय?"

मी त्यांना शास्त्र समजावलं. जितकं क्षेत्रफळ जास्त, तितकी उष्णता जास्त बाहेर. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "साहेब, घरून निघून ठाण्याला येईपर्यंत चौथा गियर किती वेळा पडतो?"

"शिळफाट्याच्या पुढे एकदा. पडला तर."

"म्हणजे सोमवार ते शनिवार तुम्ही दुसऱ्यात. ही खिडकी हवेने भरेपर्यंत तुम्ही पाय दाबून वाट बघणार, आणि तोवर सिग्नल लाल. वर ती रेडिएटरच्या तोंडावर बसणार, त्याचा वारा बंद. मग इंजिनालाच ताप. गाडी घाटात महिन्यातून एकदा नेता ना? मग एका दिवसासाठी एकोणतीस दिवस कशाला मरता?"

मी म्हटलं, हे सगळं अंदाजाने. ते म्हणाले, अंदाजाने नाही, हाताने. तेव्हा मी त्यांना खोटं पाडायचा पण केला. कारखान्यातून एक थर्मामीटर मागून आणला. वायरच्या टोकाला खिळ्याएवढी नळी, ती पाइपाला टेकवायची की डब्यावर मोठे लाल आकडे उमटायचे. रविवारी काकांना शेजारी बसवून मुरबाडमार्गे माळशेजला गेलो. घाटमाथ्यावर ते उतरले, बॉनेट उघडलं, एक तळवा मूळच्या इंटरकूलरच्या आधीच्या पाइपाला, एक नंतरच्या पाइपाला.

"आत चहा, बाहेर पण चहा. हा कूलर नाय, नुसता रस्ता."

मी नळी टेकवली. एकाहत्तर आणि सहासष्ट. त्यांच्या चहाचं तापमान मी नंतर गुपचूप मोजलं, तेही अडुसष्ट निघालं. यावर अधिक बोलण्यात अर्थ नव्हता. खिडकी पुन्हा विठ्ठलवाडीला गेली आणि काकांनी निवडलेली मधल्या मापाची, उंचीला कमी पण जाड अशी जाळी माझ्या गाडीत बसली.

ती बसायला मात्र दोन महिने लागले, कारण काका मधे आजारी होते. साखर वाढली होती. परत आले ते थोडे वाळून. बोलण्यात फरक नव्हता. पाय बधिर होतात, असं एकदा म्हणाले आणि लगेच दवाखान्याच्या डॉक्टरांवर घसरले, "त्याची स्वतःची गाडी तापते, तो मला काय गार करणार?" मी हसलो. हाताबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मला विचारायचं सुचलं नाही.

नव्या जाळीची परीक्षा म्हणून पुन्हा माळशेज. पुन्हा बॉनेट उघडलं. काकांनी बाहेरच्या पाइपावर तळवा ठेवला. डोळे मिटून उभे राहिले, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग म्हणाले, "आंघोळीचं पाणी. पास."

मी नळी टेकवली. एकोणसत्तर.

त्यांनी हात उचलला तेव्हा तळव्यावर लालभडक पट्टा उठला होता. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. या माणसाकडे दुसरं काय होतं? ना पदवी, ना मापं, ना दुकानावर धड पाटी. लोक त्यांचा तिरकेपणा सोसत होते तो त्या हातासाठी.

"काय म्हणतोय तुमचा डबा?" गाडीच्या पलीकडे जाऊन ते चिंधीला हात पुसत होते.

"तुमचंच म्हणतोय," मी म्हटलं. "बेचाळीस."

"मग? इंजिनीअर लोकांना सगळं उशिरा कळतं."

परतताना ते आनंदात होते. मुरबाडला भजी खाल्ली, भजीलाही नावं ठेवली. मी सबंध रस्ता मीटरकडे बघत गाडी चालवली. त्यांच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

घरी येऊन मी गाडीच्या जाळीपुढे आडवा पडून विचार करत राहिलो. जाळी बरोबर होती. दोष बाजूच्या फटींचा होता. बंपरमधून आलेला वारा जाळीतून जायच्या ऐवजी बाजूंनी निसटत होता. एरवी काकांनी पाइपाला हात लावल्या क्षणी हे ओळखून पत्रे मारले असते. मी कारखान्यातून पत्र्याचे तुकडे आणले, कापले, बसवले आणि एकटाच माळशेजला जाऊन आलो. चव्वेचाळीस. निवड त्यांचीच खरी ठरली होती. मला वाटलं, सुटलो. कोणाला काही कळायचं कारण नाही.

पुढच्या आठवड्यात रेडिएटरचं पाणी बदलायच्या निमित्ताने दुकानात गेलो. काका चार पावलं मागे सरकून गाडीच्या तोंडाकडे बघत राहिले.

"हे पत्रे कोणी मारले?"

"गॅरेजवाल्याने. आवाज यायचा म्हणून."

"वाकडे कापलेत. गॅरेजवाला इतका वाईट कापत नाय, त्याला शिक्षण कमी असतं." ते स्टुलावर बसले. तळव्यावरच्या पट्ट्याचा आता तपकिरी डाग झाला होता. त्यावर दुसऱ्या हाताचा अंगठा फिरवत म्हणाले, "साहेब, एकोणसत्तर होता. मला लांबचं दिसतं."

मी पत्रा चाचपायला खाली वाकलो.

"खोटं बोलायचं तर डबा आधी खिशात टाकायचा. आकडा माझ्यासमोर धरून बेचाळीस कसले सांगता?" मग आवाज खाली करून म्हणाले, "कोणाला बोलू नका. दुकान आहे."

त्यानंतर माझे रविवार त्या दुकानात जायला लागले. गिऱ्हाईक आलं की काका सवयीने बॉनेटवर हात ठेवायचे आणि मला हाक मारायचे, "इंजिनीअर, जरा इकडे." मी पाइपाला हात लावायचा आणि त्यांच्या कानात सांगायचं, चहा किंवा आंघोळ. मग ते डोळे मिटून गिऱ्हाइकाला निकाल द्यायचे आणि सोबत एक अपमान फुकट. माझी बायको म्हणायची, इतकं शिकून शेवटी हातच कामाला आला. खरं सांगतो, कारखान्यात मला कधी इतकं अभिमानाचं काम मिळालं नाही.

दोनेक वर्षं हे चाललं. आता त्या जागी झेरॉक्सचं दुकान आहे. गाडी माझ्याकडे अजून आहे, जाळी तीच, पत्रे वाकडेच.

शेवटचं भेटलो ते त्यांच्या घरी. पायाची जखम चिघळली होती, डोळे उघडत नव्हते. पायाशी काकू पाण्याची पट्टी पिळत होत्या. उशाशी ताप मोजायचा थर्मामीटर होता. काकूंनी तो नुकताच लावून तिथे ठेवला होता आणि मला बघून नुसती मान हलवली होती.

माझा आवाज त्यांनी ओळखला. "इंजिनीअर? आधी ताप बघा."

मी कपाळावर उलटा हात ठेवला. चहाचा ग्लास.

"आंघोळीचं पाणी," मी म्हटलं.

त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "डबा कुठाय?"

मी उशाजवळचा थर्मामीटर उचलला. "खिशात टाकला, काका."

"शिकलात," ते म्हणाले.