भांडून घ्यायचे तांदूळ

त्यांच्याबद्दल मी लिहावं, असा माझा अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या पेपराखेरीज आजवर काही लिहिलेलं नाही. शिवाय त्या माणसाचा मला हेवा वाटत असे, अजूनही वाटतो. तेव्हा काही कमीजास्त झालं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

भंडाऱ्यात चर्चच्या मागे धान्याची खोली होती. ज्यांचं काम सुटलं, ज्यांच्या घरी आजारपण आलं, त्यांना शनिवारी तिथून तांदूळ-डाळ मिळायची. धर्म कोणी विचारत नसे. वाटायला दोन टेबलं. एकावर मी, कॉलेजातर्फे सेवेला आलेला. दुसऱ्यावर ते. त्याच चर्चचे, धंद्यानं शिंपी, मापाची पट्टी गळ्यात तशीच राहिलेली.

पोतं उघडलं की ते आधी ओंजळभर तांदूळ समोरच्या बाईपुढे धरायचे. "पाहा जी, जमते का?"

झालं! धानाच्या मुलखातल्या बाया त्या. दाणा दाताखाली चावून तोंड वाकडं करायच्या.

"तुकडाच हाय सारा. कोंबड्यायले टाकाले आणला का?"

"माह्या घरी हाच शिजते, बाई. मी कोंबडा दिसतो का तुमाले?"

"मानेवरून दिसता!"

रांग खिदळायची. मग ते दुसरं पोतं उघडायचे, आणि बाई जणू त्यांच्यावरच मेहेरबानी करते आहे अशा थाटात पिशवी पुढे करायची.

मला हे पटत नसे. फुकटच्या धान्यात पसंती कसली? माझ्या टेबलावर पिशव्या आधीच भरून, तोंडं बांधून ठेवलेल्या असत. मी प्रत्येकाला नमस्कार करी, आवाज मऊ ठेवी. तरी माझ्यापुढे तुरळक माणसं आणि त्यांची रांग पार फाटकापर्यंत. तेच ओरडायचे, "उन्हात कायले मरता जी? तिकडे साहेब मोकळे बसले हायत!" कोणी हलत नसे. त्या 'साहेब'नं माझे कान तापायचे.

बाबांचा माग बंद पडला आणि एका शनिवारी आई नदीपलीकडच्या आमच्या कारध्याहून पूल ओलांडून आली. तिच्यासाठी मी एक पिशवी जरा दाबूनच भरली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, पदर नीट केला आणि त्यांच्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली.

पाळी आल्यावर दाणा चावून म्हणाली, "नवा हाय. भाताचा गोळा होईल."

"सुगरणीच्या हातचा कसा होईल जी?"

आई हसली. माग थांबल्यापासून ती हसलेली मी पाहिली नव्हती.

घरी आल्यावर मी विचारलं, "माह्या रांगेत काहून नाही आली?"

"तू देऊन राहिला होता, बाबू," ती चूल फुंकत म्हणाली. "त्यायच्यापाशी मी पसंत करून घेतले."

पुढच्या शनिवारी मीही पिशव्यांची तोंडं सोडून ठेवली. ओंजळ पुढे धरून म्हटलं, "पाहा जी, जमते का?" बायांनी तांदळाकडे पाहिलंसुद्धा नाही. "चांगले आहेत, सर," म्हणाल्या आणि खाली मान घालून गेल्या.

मग मी पुढच्या शिक्षणाला नागपूरला आलो. परवा शेवटचा पेपर झाला आणि आईचा फोन आला.

"ते शिंपीभाऊ गेले रे. तुही परीक्षा होती, म्हणून सांगितलं नाही."

चर्चच्या लोकांनी घरी धान्य पाठवलं, तर शिंपीभाऊंच्या बायकोनं ते दारातूनच परत केलं म्हणे. घरात तर काही नाही.

"कोणाचंच घेत नाही ती," आई म्हणाली. "तू ये. तू नेऊन दे."

एवढ्या माणसांतून आईला मी आठवलो होतो. "येतो," मी लगेच म्हटलं.

"अन् ऐक," ती म्हणाली, "तिथं त्यायच्यासारखं बोलजो. तुह्यासारखं नको."