विशालाक्षीचं उटणं

माझी धाकटी जाऊ विशालाक्षी पंचावन्न वर्षांची आहे आणि दिसते चाळिशीची. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. सत्तावीस वर्षं एका घरात, एकाच विहिरीचं पाणी, आणि माझा चेहरा बघा, वाळलेली चिंच!

ती वीजखात्याच्या कचेरीत. सकाळी छत्री उघडून निघायची, ऊन उतरलं की परतायची. मी मात्र तंजावूरच्या भर उन्हाळ्यात गच्चीवर, हातात काठी, समोर तांदळाचे वडाम, भोवती कावळे. वडाम म्हणजे तुमच्याकडच्या कुरडयांचे भाऊबंद. सासूबाईंनी ते काम मला दिलं आणि विशालाक्षीला सावलीत ठेवलं. तिच्याकडे रूप, नोकरी, कॉलेजात त्वचेच्या पेशींवर संशोधन करणारी लेक नित्या. माझ्याकडे वडाम. नातेवाईक माझं नाव काढत ते तेवढ्याचसाठी.

यंदा माझ्या हरिताचं लग्न ठरलं. विहीणबाई आल्या, विशालाक्षीकडे बघून म्हणाल्या, "ही नवरीची थोरली बहीण का?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

विशालाक्षी दर शुक्रवारी दिवेलागणीनंतर उटणं लावायची, एवढं मला ठाऊक होतं. ती माहेरी तिरुवैयारुला गेली तशी मी तिचा डबा उघडला. मूगडाळ, हळद, तरवडाची फुलं, आणि तळाशी चार काळ्या बिया. कार्पोकरिसी, म्हणजे बावची. हेच ते गुपित! तिला विचारायला काय झालं होतं? पण तिला विचारायचं म्हणजे मान खाली घालायची, ते माझ्याच्यानं झालं नसतं.

काष्ठौषधींच्या दुकानातून बावची आणली, मूठभर कुटली. तिच्या चार, तर माझ्या चाळीस. सकाळी दह्यात कालवून तोंडाला फासलं, गुण निघून जाईल म्हणून धुतलं नाही, नुसतं पुसलं. आणि लग्नाचे वडाम घालायला गच्चीवर जाऊन बसले. भर बाराच्या उन्हात.

दुसऱ्या दिवशी तोंड लालबुंद. तिसऱ्या दिवशी फोड. लग्नाला अकरा दिवस!

दवाखान्यात मलम दिलं आणि उन्हाची सक्त बंदी घातली. घरी नित्यानं कपाळावर हात मारला.

"मोठीआई, बावची लावून कुणी उन्हात बसतं? उन्हात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. ते कातडीत शिरले की पेशीतला साधा प्राणवायू पिसाळतो, दिसेल त्याला चावत सुटतो. पेशीकडे त्याला आवरायची सोय असते, पण एका मर्यादेपर्यंत. बावची लावली की कातडीला ऊन कैकपटीनं बाधतं, म्हणून तुझ्या पेशींचा तोल पार गेला."

"आणि हे लाल का?"

"घायाळ पेशी शेजारणींना रसायनांतून निरोप धाडतात, रक्त पाठवा, दुरुस्ती करा. म्हणून लाली, म्हणून सूज. वर्षानुवर्षं उन्हात बसलं की निरोप जातच राहतात, मग कातडीला ताणून धरणारे धागेच कापले जातात. सुरकुत्या त्याच्याच."

निरोप म्हणे! मी सत्तावीस वर्षं तोंडातून ब्र काढला नाही आणि माझी कातडी मात्र बोंबलत होती.

विशालाक्षी परत आली. माझं तोंड बघितलं, उघडा डबा बघितला. आता हसेल, असं वाटलं.

"अक्का, एक शब्द विचारला असतास तर सांगितलं असतं. रात्रीच लावायचं, सकाळी उठून धुवायचं."

मी मान फिरवली. ती हळूच म्हणाली, "आता वडाम कोण घालणार? मी घालू?"

"तुला जमायचं नाही."

"हेच सासूबाई म्हणायच्या. माझ्या हाताला चव नाही, वडामाच्या खिशीच्या पिठाला शिवू नकोस म्हणायच्या. तू गच्चीवर जायचीस ना, अक्का, मी जिन्यात उभी राहून बघायचे. मला वाटायचं, हे घर हिचंच, मी पाहुणी."

डोळ्यांत पाणी आलं, फोडांवर झोंबलं.

रजा काढून ती आठ दिवस गच्चीवर बसली. छत्री वाऱ्यानं उडायची म्हणून उघड्या डोक्यानंच.

लग्नात माझ्या तोंडावर काळे डाग, तिचा चेहरा रापलेला. पंगतीत विहीणबाईंनी वडामाचा तुकडा मोडला. "किती हलके! कुणाच्या हातचे?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. दरवर्षीची सवय. विशालाक्षी पानात मीठ वाढत खाली बघत राहिली. ती बोलणार नव्हती, मला माहीत होतं. मी नुसती हसले असते तरी चाललं असतं.

"विशालाक्षीच्या," मी म्हटलं. खोटं कशाला सांगू, काळजात कळ आली. जे एक माझं होतं, तेही गेलं, आणि माझ्याच हातानं गेलं.

आता पुढच्या चैत्रात वडाम तीच घालणार. मी जिन्यात सावलीला काठी घेऊन बसणार आहे. कावळे तिला घाबरत नाहीत.